मुसाजी थळकरांची बोटं

मुसाजी थळकरांना माणसं तोंडावरून ओळखता येत नसत. बोटावरून येत. रस्त्यात कुणी "नमस्कार काका" म्हणालं की त्यांची नजर चेहऱ्यावर न थांबता थेट उजव्या हाताकडे जायची आणि मग ते म्हणायचे, "अरे, तू काय." एकदा थंडीत मी मुद्दाम लोकरीचे हातमोजे घालून त्यांच्या दारात उभी राहिले. निव्वळ खोडी म्हणून. तर त्यांनी मला अदबीने विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?" मी त्यांच्या शेजारच्या घरात राहत होते आणि त्याच सकाळी त्यांची विळी मागून नेली होती.

हिंगणघाटात हातमोजे लागावेत एवढी थंडी पडत नाही, हे मला मान्य आहे. त्या सबंध गल्लीत हातमोजे घालणारी मी पहिली आणि शेवटची बाई. पण मुसाजींची गंमत बघायला मी काहीही केलं असतं, आणि बरंचसं केलंही.

मुसाजी हे हिंगणघाटातले एकमेव ज्यू. म्हणजे ते आणि त्यांचा मुलगा दानियेल, असे दोन एकमेव. मूळचे अलिबागकडचे, बेने इस्राएल. तरुणपणी कापडाच्या गिरणीत फिटर म्हणून इकडे आले आणि इथल्या उन्हाला शिव्या देत देत इथेच राहिले. बायको रिबकाबाई मुंबईला माहेरी गेल्या असताना तापाने वारल्या, त्यांना तिकडेच पुरलं. दानियेल तेव्हा लहान होता. त्याला मुसाजींनीच वाढवलं, भात शिजवून आणि गप्प बसून.

गावाला हे कुटुंब नेमकं कुठल्या खान्यात घालावं ते कधी कळलं नाही. नाव मुसाजी, आडनाव थळकर, बोलणं आपल्यासारखं, आणि प्रार्थनेच्या जागेला म्हणायचे "आमची मशीद". तेव्हा ईदेला लोक त्यांना ईद मुबारक करायचे आणि नाताळात हॅपी ख्रिसमस. ते दोन्ही शुभेच्छा मान तुकवून घ्यायचे. "चांगलंच म्हणतायत ना? मग घ्यावं."

गिरणीतून आल्यावर मुसाजी दुसरंच काम करायला बसायचे. चांदीकाम. पण बांगड्या, तोरड्या, जोडवी असलं नव्हे. त्यांच्या धर्मातल्या वस्तू. सणाच्या प्रार्थनेचा पेला, दिव्यांचं झाड, दाराच्या चौकटीला लावायची डबी, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बोट.

या बोटाला त्यांच्या भाषेत निराळं नाव आहे, पण ते बोटच म्हणायचे. त्यांचा धर्मग्रंथ चामड्यावर हाताने लिहिलेला असतो, मोठी गुंडाळी. ती वाचताना अक्षरावर माणसाचं बोट ठेवायचं नाही. म्हणून चांदीची वीतभर दांडी करतात, तिच्या टोकाला सुपारीएवढी मूठ आणि त्या मुठीतून बाहेर आलेली तर्जनी. वाचणारा ते चांदीचं बोट ओळीवरून सरकवत नेतो. "अक्षराला हात लावायचा नाही, गो," मुसाजी मला दर वेळी नव्याने सांगायचे, जणू मी दुपारी येऊन त्यांच्या अक्षरांना हात लावणारच होते.

आता असली बोटं इतर कारागीरही करतात. सगळी सारखी, सुबक, साच्यातली. मुसाजींना ते मंजूर नव्हतं. त्यांचं म्हणणं, बोट हे कुणाचं तरी असलं पाहिजे. म्हणून ते गावभर बोटं बघत हिंडायचे. बाजारात, दळणाच्या रांगेत, मैताला गेले तरी. "बोट दाखव." बस, एवढंच. नवीन माणसाला वाटायचं हा ज्योतिषी आहे. तो भाबडेपणाने अख्खा तळवा पसरायचा, नोकरी कधी लागेल विचारायचा. मुसाजी तळवा मिटवून तर्जनी तेवढी सरळ करायचे, उजेडात फिरवायचे आणि निकाल द्यायचे.

निकाल फार कडक असायचे. हायस्कूलच्या हेडमास्तरांचं बोट त्यांनी नापास केलं: "हे दाखवत नाही, धमकावतं." तहसील कचेरीतल्या एका साहेबांचं बघून म्हणाले, "हे खाताना बरं दिसत असेल." माझं बोट त्यांनी चष्मा लावून बघितलं. मी तेव्हा पोस्टात खिडकीवर होते. म्हणाले, "तिकिटं चिकटवून चपटं झालंय. आणि उगाच सगळीकडे जातं." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या लक्षात आलं नाही.

पास झालं ते जनाबाईचं. जनाबाई आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची, कापसाच्या जिनिंगमध्ये रुईतला काडीकचरा वेचायचं काम करायची. काळंसावळं, हडकुळं, नखाजवळ किंचित वाकलेलं बोट. मुसाजी त्या बोटासमोर इतका वेळ बसले की जनाबाईच्या नवऱ्याने येऊन काय चाललंय म्हणून विचारलं. ते बोट त्यांनी चांदीत उतरवलं, सांध्यावरच्या सुरकुतीसकट, आणि मुंबईच्या त्यांच्या एका मशिदीत पाठवलं. पार्सल मीच वजन केलं. आत काय आहे ते सांगावं लागतं, ते म्हणाले, "बाईचं बोट, एक." आमच्या पोस्टमास्तरांनी खुर्ची मागे सरकवली.

जनाबाईला मी सांगितलं की तिकडे तुझ्या बोटाने देवाचं पुस्तक वाचतात. ती बराच वेळ आपल्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मले काही वाचता येत नाई, अन् माह्यं बोट वाचून राह्यलं."

शनिवारी मुसाजी काम करायचे नाहीत. चूल नाही, शेगडी नाही, कानस नाही. ओट्यावर बसायचे, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. असं का बसता म्हणून विचारलं तर म्हणाले, "हातांचा भरवसा नाही गो. मोकळे ठेवले की काहीतरी उचलतात." दाराच्या चौकटीला ती डबी ते तिरकी ठोकायचे, तशीच रीत आहे त्यांची. आमच्या गल्लीतला सुतार येताजाता ती सरळ करून जायचा, शेजारधर्म म्हणून. मुसाजी रविवारी पुन्हा तिरकी करायचे. दोघांत याविषयी कधी एक शब्द झाला नाही. वर्षानुवर्षं चाललं होतं.

मासळीचंही तसंच. वेणा नदीची मासळी घेऊन येणाऱ्या बाईला ते आधी मासे उलटेसुलटे करायला लावायचे. खवले असलेला मासाच खायचा, बिनखवल्याचा नाही. ती बाई लांबूनच ओरडायची, "कपडे घालून आले बापा सगळे, या पाहाले."

आणि दानियेल. गाव त्याला दान्या म्हणायचं. बोलायचा अस्सल आमच्यासारखा. बापाचं कोकणी बोलणं ऐकलं की त्याला हसू यायचं. लहानपणी तो रोज बापासमोर बोट धरायचा, "माह्यं घ्या ना, बाबा." मुसाजी त्याच्या हातावर चापट मारायचे. "वाढतं बोट घेत नाहीत. थांब." पोरगं दहावी झालं, आयटीआय झालं, मिसरूड फुटलं, तरी उत्तर तेच. मला वाटतं मुसाजींना ते बोट शेवटी करायचं होतं. सगळ्यांत चांगलं म्हणून राखून ठेवलेलं.

दान्याला त्यांनीच जिनिंगमध्ये चिकटवून दिलं, हंगामापुरता फिटर म्हणून. स्वतः गिरणीत आयुष्य काढलेला माणूस. मुलगाही यंत्रात रमेल असं वाटलं असणार. दुसऱ्याच हंगामात, कपाशी ढिगाने येत होती तेव्हा, यंत्रात काहीतरी अडकलं म्हणून दान्याने हात घातला. कुणीतरी पट्टा चालू केला. उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली.

मुसाजींना गिरणीत निरोप गेला, ते धावत आले. तोवर लोकांनी दान्याला जीपमध्ये घातलं होतं, हाताला धोतर गुंडाळून. वर्ध्याला न्यायचं होतं. दान्या शुद्धीवर होता. तो "बाबा" म्हणाला, लोक म्हणाले "बसा लवकर". मुसाजींनी जीपमध्ये पाहिलं, धोतरात गुंडाळलेला हात उचलून बघितला, आणि विचारलं, "बोट कुठेय?"

कुणाला ठाऊक असणार. मुसाजी म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." आणि पाठ फिरवून जिनिंगमध्ये गेले.

जीप गेली. मुसाजींनी यंत्र बंद करायला लावलं, आणि त्या खोलीभर साचलेल्या रुईत गुडघे टेकून हाताने चाळायला बसले. मूठभर घ्यायची, उजेडात धरायची, बाजूला टाकायची. मॅनेजरने हाकललं, ते उठले नाहीत. जनाबाई तिथेच होती, तीही शेजारी बसली. दिवस मावळायच्या सुमारास ते मिळालं. मुसाजींनी ते रुमालात बांधलं आणि कुठेतरी निघून गेले. वर्ध्याच्या दवाखान्यात ते दुसऱ्या दिवशी पोचले.

आता गावाला आणखी काय पाहिजे होतं. पोरगं रक्तात, आणि बाप बोट शोधत बसला. कशाला, ते काय कुणाला सांगायला हवं होतं? जन्मभर लोकांच्या बोटांमागे लागलेला माणूस. हॉटेलात, दळणाच्या रांगेत, माझ्या पोस्टाच्या खिडकीशी एकच बोलणं: नमुना मिळाला बुढ्याला. कुणी म्हणे त्याने ते स्पिरिटच्या बरणीत ठेवलंय. कुणी म्हणे मेणात दाबून साचा केला. पुढचं पार्सल घेऊन मुसाजी आले तेव्हा पोस्टमास्तरांनी शिक्का मारायला नकार दिला, मी मारला. त्यात पेला होता. अपघाताच्या दिवसानंतर मुसाजींनी एकही बोट केलं नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

ती बरणी बघायला मी गेले, हे सांगून टाकते. साखर मागायचं निमित्त केलं, ते परसात गेले तेव्हा फळीवरच्या सगळ्या बरण्या उघडून पाहिल्या. एकीत काहीतरी काळं, सुरकुतलेलं, ओलसर होतं. माझ्या हातून झाकण पडलं. कोकमं होती.

दान्याने तर काही बरणी वगैरे शोधली नाही. त्याने जीपमधून बघितलं होतं तेवढं त्याला पुरलं. घरी आल्यावर तो बापाशी बोलायचा बंद झाला. एका घरात, एका चुलीवर, एक अक्षर नाही. मीठ पाहिजे असलं तर उठून घ्यायचा. मला एकदा ओट्यावर म्हणाला, "जित्तं होतं तवा घेतलं नाई, मालूताई. तुटल्यावर शोधत बसले. त्याईले बोटच पाह्यजे, माणूस नाई पाह्यजे."

मुंबईचे त्यांचे बरेचसे नातेवाईक त्या वर्षांत इस्राएलला निघाले होते. मामाने दान्याला लिहिलं, ये. बापलेक दोघांचीही सोय होणार होती. दान्या तयार झाला. मुसाजी नाही म्हणाले. कारण सांगितलं नाही. गाव म्हणालं, बघा, पोरापेक्षा हातोडी प्यारी.

मला राग आला. शनिवार होता, ते ओट्यावर हात दाबून बसलेले. मी समोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, एकुलता एक मुलगा, तोही असा, त्याला एकट्याला परमुलखात धाडताना काही वाटत नाही का?

"कसा जाऊ गो," ते म्हणाले. "त्याचं इथे आहे ना."

"काय आहे?"

त्यांनी गल्लीत दोन्हीकडे बघून घेतलं. मग एकेक शब्द ठेवल्यासारखं सांगितलं. त्यांच्यात माणसाचं तुटलेलं अंग टाकत नाहीत. ते माणूसच धरतात, मातीला देतात. शेवटच्या दिवशी सगळ्यांना उठायचं आहे आणि उठताना पुरं उठायचं आहे. वेणेच्या वाटेवर त्यांचा एक मुरमाड तुकडा होता, निवृत्त झाल्यावर घर बांधायला घेतलेला. त्या संध्याकाळी रुमाल घेऊन ते तिथे गेले होते. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, मुरमाला नाही, म्हणून तिथे. बरोबर जनाबाई होती. प्रार्थना त्यांनी एकट्यानेच म्हटली.

मी खाली बसले. म्हटलं, "काका, हे दान्याला सांगा ना."

"विशीतला आहे तो. त्याला सांगू की तुझी कबर मी बांधून ठेवलीय?"

"अहो, तो तुमच्याशी बोलत नाही."

"न बोलू दे," मुसाजी म्हणाले. "जगू दे."

मग निदान ते उकरून बरोबर न्या, मी म्हटलं. तर ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी विळी नाही, त्यांची मानच मागितली आहे. दिलेलं परत उकरायचं नाही. आणि मी कुणाला सांगायचं नाही. जनाबाईने शब्द दिला होता, मीही द्यायचा.

माझी ओळख असलेले लोक इथे हसतील. पोस्टातल्या खिडकीवरच्या बाईला सगळं गाव सगळं सांगतं, आणि ती सगळं सगळ्यांना सांगते; माझी कीर्तीच तशी होती. तरी मी ते पोटात ठेवलं. जनाबाई आणि मी रस्त्यात भेटलो की एकमेकींकडे बघायचो आणि भाजीच्या भावावर बोलायचो.

दान्या गेला त्या दिवशी स्टेशनवर आम्ही चार-पाच जण होतो. मुसाजी थोडे लांब, वजनकाट्यापाशी. गाडी आली. दान्याने माझ्या पाया पडायला वाकल्यासारखं केलं, जनाबाईने त्याच्या पिशवीत भाकरी कोंबल्या. बापाकडे त्याने बघितलं नाही. आणि मुसाजी, मी शपथेवर सांगते, त्याच्या हाताकडे बघत नव्हते. ते तोंडाकडे बघत होते. गाडी हलली तरी, डबा पुढे गेला तरी. माणसाच्या चेहऱ्याकडे इतका वेळ बघताना त्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं.

जनाबाई परतताना माझ्यावर चिडली. "सांगून टाकाचं होतं व बाई. तू शिकेल हायेस, तू काऊन नाई बोलली?" मी म्हटलं, तू का नाही बोललीस? ती म्हणाली, "मी शब्द देल्ला हाये." मी काय दिलं होतं, ते तिने विचारलं नाही.

त्यानंतरची वर्षं मुसाजी पेले आणि दिवे करत राहिले, मग हात थरथरायला लागला तेव्हा तेही सुटलं. संध्याकाळी वेणेच्या वाटेने फिरायला जायचे. लोकांना वाटे, हवा खायला. तुकड्याला त्यांनी गिरणीतल्या जुन्या तारेचं कुंपण केलं होतं. आत काहीच नव्हतं, एक दगड आणि पिवळं गवत. बकऱ्या हाकलायचे तेव्हा मात्र अंगात तरुण माणूस शिरायचा. मुलाची खबर मामाच्या पत्रांतून यायची, त्यात शेवटी मुलाच्या नावाने "वडिलांस नमस्कार" असायचं. मामाने घातलेलं, हे त्यांना कळायचं. तेही मान तुकवून घ्यायचे.

शेवटच्या आजारपणात मुंबईहून दोन नातेवाईक आले. ते म्हणाले, तिकडे चला, काही बरंवाईट झालं तर रिबकाबाईशेजारी जागा आहे. मुसाजी म्हणाले, नको, वेणेच्या वाटेवर. नातेवाइकांनी समजूत घातली: बाई तिकडे एकटी आहे.

"एकटी कशी? तिची आई आहे, बहीण आहे," मुसाजी म्हणाले. "ह्याच्याजवळ कुणी नाही."

म्हातारा वातात बोलतोय असं त्यांना वाटलं. जनाबाई कोपऱ्यात भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही.

मुसाजी गेले तेव्हा त्यांना तिथेच पुरायच्या नगरपालिकेच्या परवानगीसाठी मी जेवढ्यांना ओळखत होते तेवढ्यांना कामाला लावलं. नागपूरहून रेल्वेत नोकरीला असलेली त्यांच्या धर्माची काही माणसं आली, त्यांनी अंग धुतलं, पांढऱ्यात गुंडाळलं. खड्डा खणायला गिरणीतले तिघे होते. जनाबाई सकाळपासून तिथे जाऊन दगडाला टेकून बसली होती. दगडाकडच्या बाजूला तिने त्यांना कुदळ मारूच दिली नाही. खुरपीने काढा म्हणाली. तिघांनी विचारलं, साप आहे का? ती म्हणाली, "हो, साप हाये. हळू काढजा." बिचारे दुपारपर्यंत एका बाजूने खुरपत होते.

दान्या पंधरवड्याने पोचला. इतक्या लांबून त्याआधी येणं शक्यच नव्हतं. जाडा झाला होता, केस मागे गेले होते. घराचं कुलूप काढलं, शेगडी बघितली, फळीवरची हत्यारं बघितली. मग मला म्हणाला, "आईजवळ काऊन नाई ठेवलं त्याईले? इथं मोकाट जागी काऊन?" आवाजात तीच जुनी धार होती. शेवटपर्यंत आपलंच खरं केलं म्हाताऱ्याने, अशी.

मी म्हटलं, चल.

जनाबाई वाटेत आली. मी सांगायला सुरुवात केली; इतक्या वर्षांचं साठलेलं, घडाघडा येईल असं मला वाटत होतं. एक वाक्य नीट होईना. जनाबाईने मला हाताने गप्प केलं आणि चालता चालता तिनेच त्याला सगळं सांगितलं, भाजी काय शिजवली ते सांगावं तशा आवाजात. रुईत कसं बसलो. कितीक येचलं. रुमाल कोणता होता. बाप काय काय म्हणाला होता. दान्या आमच्यापुढे चालत होता, मग बरोबर आला, मग मागे पडला.

तारेपाशी आम्ही थांबलो. नव्या मातीचा उंचवटा होता, त्याला लागून तो दगड. दान्याने चपला काढल्या.

"कोणत्या अंगाले हाये?" त्याने विचारलं.

"बापाच्या उजव्या हाताशी," जनाबाई म्हणाली. "त्याईनंच सांगतलं होतं. म्हने, मले असं ठेवजा की हात पुरला पाह्यजे."

दान्या दगडाजवळ बसला. वाळलेलं गवत थोडं बाजूला केलं. मग उजवा हात, होता तसा, मुरमावर ठेवला आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही चाला घरी. मी बसतो जरासा."